सीटी नॉर्मल आला, तरी भाऊ अजून पहिल्यासारखा का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तेरा दिवसांपूर्वी रात्री बेळगावजवळ येळ्ळूर रस्त्यावर, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशा उभ्या ट्रॉलीवर तुमच्या भावाची बाईक आदळली. वय २१. डोक्यावर टोपीसारखं अर्धं हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता, ते उडून गेलं. बेशुद्ध पडला नाही, पण बराच वेळ भांबावलेला होता, ‘मी कुठं आहे’ हेच परत परत विचारत होता, आणि एक उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला, एक रात्र ठेवून घेऊन घरी सोडलं. आता रोज दुपारनंतर डोकं ठणकतं, अंथरुणात कूस बदलली की खोली गरगरते, मोबाईलकडे बघवत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही आणि कधी आवाज न चढवणारा पोरगा आईवर ओरडतो. आईनं त्याला खिडक्या लावून अंधारात झोपवून ठेवलंय. वडिलांना वाटतंय की परीक्षा आणि घरच्या विणकामाच्या मागावरचं काम चुकवायला त्याला निमित्त मिळालंय. शेजारी म्हणतात एमआरआय काढा. घर वडगावात, खाली चार माग दिवसभर चालू.

तुम्ही विचारलंत, काही बघायचं राहून गेलंय का आणि किती दिवस लागतील. दोन्हीची उत्तरं देतो. पण तुमच्या लिहिण्यावरून मला असं दिसतं की घरात तिघांचे तीन अर्थ चाललेत आणि तिन्हींचं मूळ एकाच गैरसमजात आहे: सीटी नॉर्मल म्हणजे डोक्याला काही झालं नाही. तिथूनच सुरुवात करतो.

अपघातानंतरच्या सीटीला डॉक्टर एकच प्रश्न विचारत असतात. कवटी फुटली आहे का, आत रक्त साठतंय का, ऑपरेशनची किंवा आयसीयूची गरज आहे का. तुमच्या भावाच्या बाबतीत त्याचं उत्तर ‘नाही’ असं आलं आणि ती फार चांगली गोष्ट आहे. मेंदूचं काम नीट चाललंय का, हा प्रश्न सीटीला विचारलेलाच नसतो आणि त्याचं उत्तर त्यात दिसतही नाही. मेंदूला जो मुका मार बसतो, ज्याला आम्ही कन्कशन म्हणतो, त्यात सीटी नॉर्मल येणं हाच नियम आहे. बेशुद्ध पडायलाच हवं असंही नाही. बहुतेक जण पडत नाहीत. गोंधळणं, तेच तेच विचारणं, अपघाताच्या आसपासचं न आठवणं एवढंही निदानाला पुरतं, आणि तुमच्या भावाला ते झालेलं आहे. धडकेची ती काही मिनिटं त्याला कधीच आठवली नाहीत तरी घाबरू नका. ती आठवण मेंदूत नोंदलीच गेलेली नसते. तो आठवत नाही म्हणून त्याला सारखं खोदून विचारू नका.

आत होतं काय, ते सांगतो. डोक्याला अचानक हिसका बसतो, विशेषतः मान गरकन फिरते, तेव्हा मेंदूच्या पेशींचे लांब तंतू ताणले जातात. तुमच्या घरात माग आहेत म्हणून सांगतो: ताण्याचा धागा तुटला तर लगेच दिसतो, पण नुसता ओढला गेला असेल तर लांबून कापड ठीकच दिसतं. ताणलेल्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पूर्ववत करायला पेशीला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा थोडा कमी झालेला असतो. गरज जास्त, पुरवठा कमी. म्हणून सकाळी बरा वाटणारा माणूस दुपारपर्यंत गळून जातो, आणि ज्या कामाला कधी विचार करावा लागला नाही त्यालाही जोर लावावा लागतो. तुमच्या भावाचं डोकं दुपारनंतरच दुखतं, ही गोष्ट याच्याशी जुळते. वडिलांना हा परिच्छेद वाचून दाखवा. कामचुकार माणसाचं दुखणं काम समोर आलं की सुरू होतं. याचं सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, सुट्टीच्या दिवशीही तसंच, असं चाललंय.

आता धोक्याचं. तेराव्या दिवशी नव्यानं रक्तस्राव सुरू होण्याची शक्यता २१ वर्षांच्या मुलात कमी असते, पण शून्य नसते. डोकेदुखी दिवसागणिक वाढत चालली, गोळीनं अजिबात दबेना, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, हाका मारूनही नीट जागा होईना, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, फिट आली, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ काही गळायला लागलं, यातलं एकही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि सीटीची सोय असलेल्या हॉस्पिटलात थेट इमर्जन्सीत जा. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींत यातलं काहीच नाही. त्या एकाच पातळीवर आहेत, रोज वाढत नाहीत. म्हणून मी पुढचं सगळं लिहितोय.

वाचणाऱ्या इतरांसाठी याच ओघात एक सांगतो, कारण सीमाभागातल्या खेड्यांत हे फार वेळा उशिरा कळतं. पासष्टीच्या पुढचा माणूस किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा माणूस डोक्यावर पडला, तर जखम किरकोळ असली तरी सीटी काढायचा. आणि पहिला सीटी नॉर्मल आला तरी पुढचे दीड-दोन महिने नजर ठेवायची. वयामुळे मेंदू थोडा आकसलेला असतो, बारीक शिरेतून हळूहळू रक्त झिरपत राहतं, आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा चालताना एका बाजूला कलायला लागतात किंवा भलतंच बोलायला लागतात. घरचे म्हणतात वय झालं. ते रक्त असतं आणि वेळेत काढलं तर माणूस पुन्हा पूर्ववत होतो.

अंधारी खोली आज बंद करा. आईची माया मला समजते. पूर्वी आम्ही डॉक्टरही हेच सांगायचो. आता सल्ला बदललाय. २०२२ साली ॲमस्टरडॅमला या विषयातल्या तज्ज्ञांची जागतिक परिषद झाली. तिच्या निष्कर्षात विश्रांती सांगितली आहे ती पहिल्या एक-दोन दिवसांपुरती, आणि तीही सैल विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात हिंडणं-फिरणं चालू. मोबाईल-टीव्ही कमी ठेवायचा तोही मुख्यतः पहिले ४८ तास. त्यानंतर हलका व्यायाम सुरू केलेले लोक पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे होतात. तेरा दिवस अंधारात पडलेल्या माणसाला उजेड आणखी टोचायला लागतो, झोपेचं घड्याळ बिघडतं, दम कमी होतो, आणि दिवसभर आपल्या डोक्याकडेच लक्ष लागून राहतं. तुमच्या भावाच्या तक्रारींतला काही भाग आता अपघाताचा नसून त्या खोलीचा असणार, याबद्दल मला शंका नाही.

मग किती करायचं? एक साधं माप धरा. काम सुरू करण्याआधी त्यानं आपल्या त्रासाला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. काम करताना तो आकडा दोनपेक्षा जास्त वाढता कामा नये आणि वाढला तरी तासाभरात खाली आला पाहिजे. समजा सकाळी डोकेदुखी दोन आहे. चालताना चार झाली, घरी येऊन अर्ध्या तासात परत दोनवर आली, तर उद्या तेवढंच किंवा पाच मिनिटं जास्त चालायचं. पाचवर गेली आणि संध्याकाळपर्यंत उतरली नाही, तर उद्या वेग किंवा वेळ कमी. पूर्ण थांबायचं नाही, मागच्या पायरीवर यायचं. थोडा त्रास वाढला म्हणजे मेंदूला इजा झाली असं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा, कारण बहुतेक पोरं त्या भीतीनंच हालचाल सोडतात.

सुरुवात सपाट रस्त्यावरच्या चालण्यानं, सकाळी उन्हं चढण्याआधी, २० मिनिटं. कोणीतरी बरोबर हवं. एखाद्या वेगाला डोकं दुखायला लागतं असं दोन-तीन दिवसांत लक्षात येईल. त्याच्या किंचित खालच्या वेगानं चालत राहायचं. आठवड्यात ती मर्यादा आपोआप वर सरकते. पळणं, क्रिकेट, जिम, वजन उचलणं सध्या नाही. डोक्याला दुसरा मार बसेल असं काहीही पूर्ण बरं झाल्याशिवाय नाही. पहिली दुखापत भरायच्या आत दुसरा मार बसला, तर कोवळ्या वयात क्वचित मेंदूला एकदम सूज येते आणि ते जिवावर बेततं. क्वचित होतं, पण झालं तर हातात काही राहत नाही, म्हणून इथे मी कोणालाच सवलत देत नाही.

मागांच्या आवाजाचं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण ‘घरी विश्रांती घ्या’ असं लिहून देणाऱ्याला हे माहीत नसतं. धोट्याचे (शटलचे) माग चालू असतात तिथं आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. बरा माणूसही तिथं ओरडूनच बोलतो. त्याची झोपायची-बसायची जागा शक्य तितकी मागांपासून दूर, भिंतीपलीकडे करा. जमत असेल तर दिवसा काही तास आत्याकडे, मामाकडे, मित्राच्या घरी बसू दे. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात. ते मागाजवळ जाताना घालायचे आणि तिथून बाहेर आलं की काढायचे. दिवसभर घालून बसलं तर कान आणखी हळवे होतात आणि मग ताट पडल्याचा आवाजही सहन होत नाही. काळ्या चष्म्याचंही तसंच. उन्हात चालेल, घरात नको.

आता तक्रारी वेगवेगळ्या करू. माझ्या कामात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. ‘डोक्याला मार लागलाय म्हणून हे सगळं होतंय’ असं एका गाठोड्यात बांधून ठेवलं की उपाय फक्त वाट बघणं एवढाच उरतो. खरं तर हिसका मेंदूला बसतो तसा मानेलाही बसतो, आतल्या कानालाही बसतो आणि डोळ्यांच्या जुळवणीवरही परिणाम होतो. या प्रत्येकाला वेगळा इलाज आहे.

कूस बदलल्यावर खोली गरगरते, हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात. धडकेनं ते जागचे सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन बसतात. मग डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की दोन-चार सेकंदांत जग गरगरायला लागतं आणि साधारण मिनिटाच्या आत थांबतं. त्याला विचारा: गरगरणं एका बाजूला वळल्यावर जास्त आहे का? उठताना, वर फळीकडे बघताना, खाली वाकताना होतं का? स्थिर बसल्यावर थांबतं का? उत्तरं ‘हो’ आली तर हे कानातलंच असण्याची शक्यता मोठी. याला चक्करच्या गोळ्यांचा खरा उपयोग नाही. त्या फक्त झोप आणतात आणि आठवडेच्या आठवडे घेतल्या तर शरीराची तोल सावरायची स्वतःची ताकद उलट मागे पडते.

इलाज हातानं करायचा असतो. डॉक्टर त्याला पलंगावर बसवून, मान एका बाजूला ४५ अंश वळवून पटकन आडवं करतात, डोकं पलंगाच्या कडेखाली थोडं लोंबतं ठेवतात आणि डोळ्यांकडे बघतात. दोष त्या बाजूचा असेल तर बुबुळं झटके देत फिरताना दिसतात. समजा उजवी बाजू निघाली. गरगरणं थांबेपर्यंत, साधारण अर्धा ते एक मिनिट, तसंच ठेवायचं. मग डोकं डावीकडे ९० अंश फिरवायचं, पुन्हा तेवढंच थांबायचं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबायचं. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूनंच हळूहळू उठवून बसवायचं. याला एपली म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे आणि अनेकांचं गरगरणं एक-दोन खेपांत थांबतं. अपघातानंतरच्या चक्करेत मात्र कधी दोन्ही कानांत दोष असतो, कधी परत उलटतो, तेव्हा तीन-चार खेपा लागतात. व्हिडिओ बघून घरी पहिल्यांदा करू नका. बाजू चुकली तर उपयोग होत नाही, आणि त्याच्या मानेला इजा नाही याची खात्री आधी व्हायला हवी. बेळगावच्या सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही चांगल्या कान-नाक-घसा डॉक्टरांकडे ‘कूस बदलल्यावर गरगरतं, त्याची तपासणी करा’ एवढं सांगा. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, तिथंही हे होतं. मशीन लागत नाही.

मानेकडे बघा. डोकेदुखी मानेच्या मागून सुरू होऊन डोळ्यापर्यंत येते का? मान वळवल्यावर वाढते का? बाईकच्या धडकेत मान पुढे-मागे हिसकली जाते आणि तिथल्या स्नायूंचं, सांध्यांचं दुखणं डोक्यात जाणवतं. हे फिजिओथेरपीनं सुटतं. हातांना मुंग्या, बोटं बधिर, मणक्याच्या मधोमध दाबल्यावर कळ, असं असेल तर आधी मानेचा एक्स-रे आणि अस्थितज्ज्ञ. पट्टा बांधून आठवडेभर मान अवघडून ठेवायची नाही आणि कोणाकडून मान ‘मोडून’ घ्यायची तर अजिबात नाही. आपल्याकडे अपघातानंतर मालिशवाल्याकडे नेण्याची पद्धत आहे. पाठीला तेल लावायला माझी हरकत नाही. मानेला झटका द्यायला आहे.

मोबाईल आणि वाचनाचं दुखणं पुष्कळदा डोळ्यांच्या जुळवणीचं असतं. घरी करून बघा: पेनाचं टोक हातभर अंतरावर धरायचं आणि हळूहळू नाकाकडे आणायचं. टोक एकाचे दोन कधी दिसतात ते बघा. नाकापासून सहा सेंटीमीटरच्या आत आल्यावर दोन दिसले तर ठीक. त्याआधीच, पंधरा-वीस सेंटीमीटरवर दिसायला लागले, तर दोन्ही डोळे आत वळवायला त्याला जड जातंय. वाचताना ओळ हरवणं, अक्षरं सरकणं, कपाळ दुखणं हे त्यातून येतं. बऱ्याच जणांत हे आपोआप सुधारतं. नाही सुधारलं तर हीच पेनाची क्रिया व्यायाम म्हणून दिली जाते. नेत्रतज्ज्ञांना नुसता ‘नंबर बघा’ न म्हणता ‘जवळचं बघताना डोळे जुळतात का बघा’ असं सांगायचं.

राहिली ती खरी डोकेदुखी, ठणकणारी, उजेड-आवाज नको वाटणारी, कधी मळमळीसह. ही अर्धशिशीच्या वळणाची असते आणि घरात आईला-मावशीला अर्धशिशी असेल तर जास्त शक्यता. इथं सगळ्यात मोठी चूक गोळ्यांची होते. पहिल्या दोन दिवसांत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळायची असते, कारण रक्त न थांबण्याचा धोका. ते दिवस आता गेले. पण साधी पॅरासिटॅमॉलसुद्धा महिन्यात पंधरा दिवस आणि त्याहून जास्त घेत राहिलं, तर काही महिन्यांत गोळीचीच डोकेदुखी जडते. म्हणून आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस गोळी. रोज लागतेय असं झालं तर स्वतः मात्रा वाढवू नका, प्रतिबंधाचं औषध सुरू करायचं का ते डॉक्टरांना ठरवू द्या. पाणी, वेळेवर जेवण आणि दुपारनंतर चहा नाही, एवढ्यानंही काहींचे निम्मे दिवस बरे जातात.

औषधांचं बोलतोय तर डॉक्टरांनी त्याला लिहून दिलेल्या चिठ्ठीतल्या दोन गोळ्यांबद्दल. ‘मेंदूची ताकद’ म्हणून दिलेली सिटिकोलीन बंद केल्यानं काही बिघडणार नाही. अमेरिकेत या औषधाची मोठी चाचणी झाली, २०१२ साली निष्कर्ष आले, आणि डोक्याच्या दुखापतीत त्याचा फायदा दिसला नाही. ते पैसे फिजिओकडे खर्च करा. फिटची गोळी मात्र स्वतःच्या मनानं सोडू नका. सीटी नॉर्मल, एकदाही फिट नाही, अशा माणसाला ती सहसा लागत नाही आणि ती सुस्ती, चक्कर वाढवते. ज्यांनी दिली त्यांना विचारा, ‘ही कशासाठी आणि किती दिवस?’ कारण नसेल तर ते कशी थांबवायची ते सांगतील.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: धोक्याची लक्षणं नाहीत, खोलीतून बाहेर काढा, मापानं चालणं सुरू करा, याच आठवड्यात कानाची आणि मानेची तपासणी करा, डोकेदुखीच्या गोळ्या कमी करा.

चिडचिडीबद्दल घरच्यांनी एक धरून चालायचं की ती त्याच्या स्वभावातून आलेली नाही. थकलेला मेंदू आवाज, उजेड, चार जणांचं एकदम बोलणं गाळू शकत नाही. सगळं एकदम अंगावर येतं आणि माणूस भडकतो. एका वेळी एकानंच बोलावं, भेटायला येणारे मोजके असावेत. झोपेची वेळ घट्ट धरा: रात्री ठरल्या वेळी आडवं, सकाळी ठरल्या वेळी उठणं, दुपारी झोपलाच तर अर्धा तास. रात्री दर तासाला उठवून बघायची जी पद्धत आहे तिची आता काहीच गरज नाही. झोपू द्या. दारू पूर्ण बंद. पण दोन आठवड्यांनीही सतत उदास असेल, रडू येत असेल, ट्रॉलीचा प्रसंग झोपेत दिसून दचकून उठत असेल, त्या रस्त्यानं जायलाच नको म्हणत असेल, तर तो मनाचा आघात आहे आणि त्यालाही उपचार आहेत. मानसिक त्रासात मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं काही बोलला तर ते चिडण्यात बोललं असं समजून सोडायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

अभ्यासाचं. परीक्षा महिन्यावर आहे म्हणालात. दोन आठवड्यांत बरेच मोठे लोक सावरतात, महिन्यात बहुतेक. म्हणून परीक्षा सोडायचा निर्णय आत्ता नको. वीस मिनिटं वाचायचं, दहा मिनिटं डोळे मिटून किंवा बाहेर फिरून यायचं, असे सकाळचे तीन-चार फेरे. मोबाईलवरच्या नोट्स छापून घ्या, अक्षर मोठं ठेवा. अवघड विषय सकाळी. दोन-दोन दिवसांनी वाचायची वेळ पाच मिनिटांनी वाढवायची, माप तेच दोन आकड्यांचं. आणि कॉलेजला आत्ताच डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी कळवून ठेवा. जास्त वेळ किंवा पुढची संधी देणं त्यांच्या हातात आहे, पण आधी कळवलेलं असलं तर बोलायला जागा राहते.

मागावरचं काम शेवटी. तिथं आवाज आहे, फिरणारा पट्टा आहे, उडणारा धोटा आहे, आणि धागा जोडायला दर थोड्या वेळानं वाकावं लागतं. वाकल्यावर चक्कर आली तर हात कुठं जाईल याचा विचार करा. गरगरणं पूर्ण थांबल्यावर आधी बसून कांड्या (धोट्यातल्या धाग्याच्या) भरणं, तेही मागांपासून बाजूला. त्यात दोन-तीन दिवस त्रास वाढला नाही तर कानात बोळे घालून तासभर एका मागावर, वडील शेजारी असताना. मग अर्धी पाळी. रात्रपाळी सगळ्यात शेवटी, कारण झोप मोडली की सगळं मागे जातं. बाईक त्याहून नंतर: चक्कर नाही, मान दोन्ही खांद्यांवरून वळते, गर्दीत गोंधळत नाही, हे तिन्ही झाल्यावर आधी दिवसा आणि जवळच्या जवळ.

एमआरआय. तक्रारी आहेत त्याच पातळीवर असतील आणि तपासणीत हाता-पायांत, बोलण्यात, नजरेत दोष नसेल तर आत्ता काढू नका. नेहमीचा एमआरआय बहुतेकांत नॉर्मल येतो. कधी एखादा बारीक ठिपका दिसतो, त्यानं उपचार बदलत नाही, पण घरभर भीती पसरते. चार आठवड्यांनंतरही त्रास हटत नसेल, किंवा मधेच काही नवीन सुरू झालं, तर न्यूरोच्या डॉक्टरांनी तपासून ठरवावं. किती दिवस लागतील हे ठाम कोणीच सांगू शकत नाही. आधी अर्धशिशी, आधी चिंता किंवा नैराश्य, आधी डोक्याला मार, किंवा पहिल्या दिवसांत लक्षणांचा फार जोर, यातलं काही असेल तर जास्त वेळ लागतो. महिना उलटूनही रेंगाळलेले लोकसुद्धा कारणं वेगवेगळी काढून उपचार केले की सुधारतात.

कागदांचं विसरू नका. डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि रिपोर्ट, सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. अपघात म्हणून हॉस्पिटलनं पोलिसांना कळवलंय का आणि एफआयआर झालाय का ते बघा. उपचार कोल्हापूर-मिरजेला झाले असले तरी गुन्ह्याचा तपास अपघात जिथं झाला त्या हद्दीतल्या ठाण्याकडेच येतो, आणि सीमेपलीकडून आलेला कागद इकडच्या ठाण्यात पोचला का हे आपणच जाऊन विचारावं लागतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीत भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून वकिलांना लवकर भेटा. आणि त्यानं रोज संध्याकाळी एका वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: आज त्रासाचा आकडा किती, किती मिनिटं चाललो-वाचलो, गोळी घेतली का. पुढच्या भेटीत डॉक्टरांना ती वही कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगते, आणि दाव्यातही ती उपयोगी पडते.

नवीन हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय खुणेचं, आणि हनुवटीखाली पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जातील इतकं घट्ट. जुनं सापडलं तरी परत वापरू नका. आतला थर्माकोल एकदा दबला की तो पुन्हा झटका झेलत नाही, बाहेरून चरा नसला तरी.

कानाची तपासणी झाली की कुठली बाजू निघाली आणि एपलीनंतर गरगरणं किती उरलं ते इथंच लिहा. त्यावरून पुढचे तोलाचे व्यायाम सांगता येतील.